द्राक्ष तपासलं, विहीर राहिली

जानेवारी लागला की नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात एका माणसाला जावयाचा मान मिळतो. तो लॅबचा माणूस. तो बागेत येतो, नोंदणीचा कागद प्लॉटशी ताडून पाहतो, कडेचे आणि मधले घड तोडतो, पिशवीत भरतो, सील लावतो, सही घेतो. आमच्या घरी त्या दिवशी चहा दोनदा होतो. रिपोर्ट येईपर्यंत दादाचं जेवणात लक्ष नसतं. औषधांची लांबलचक यादी, प्रत्येकापुढं एक आकडा, आणि ते सगळे आकडे युरोपच्या मर्यादेत बसले की माल एक्स्पोर्टचा. एक जरी आकडा उडी मारून गेला, तर तोच माल लोकल. घड तेच, साखर तीच, भाव मात्र दुसरा.

मागच्या हंगामात मी त्या माणसाला म्हटलं, "आलाच आहात तर विहिरीच्या पाण्याची एक बाटली पण घेऊन जा." त्याला वाटलं मी थट्टा करतोय. "पाणी कशाला? ते कोणी विचारत नाही."

तो खरंच बोलला. व्यापार करार आणि पर्यावरण यांचा मेळ कसा घालायचा या प्रश्नावर गेली काही वर्षं जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं मी वाचतो. त्यात साधारण दोन तट असतात. एक म्हणतो, पर्यावरणाच्या अटी म्हणजे श्रीमंत देशांनी मागच्या दारानं लावलेलं शुल्क. दुसरा म्हणतो, त्या अटी आल्या म्हणून तर आपण सुधारतोय. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण आमच्या विहिरीचा विषय दोघांच्याही तोंडी येत नाही. माझं म्हणणं असं की करारांतून आलेला पर्यावरणाचा नियम आजवर खाणाऱ्याच्या ताटाची राखण करत आला आहे, पिकवणाऱ्याच्या पाण्याची नाही. तो नियम झिडकारायचा नाही. तो आपल्या बाजूनंही लागू करा, असं टेबलावर बसून मागायचं. आणि जे पाणी आपलं आहे ते तपासायला परक्या ग्राहकाची वाट पाहायची नाही.

आधी श्रेय द्यायला हवं तिथं देऊन टाकतो. २००३ च्या सुमाराला नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले आणि बोंबाबोंब झाली. त्यानंतर पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अंश-तपासणीची योजना उभी राहिली. अपेडानं, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेनं, बागांची नोंद ठेवणारं 'ग्रेपनेट' आणलं. प्रत्येक निर्यातक्षम प्लॉटला नंबर मिळाला, आणि लंडनच्या दुकानातल्या डब्यावरून मागे मागे येत थेट मोहाडी किंवा पिंपळगावच्या बागेपर्यंत पोचायची सोय झाली. भारतात दुसऱ्या कुठल्या पिकाची एवढी कुंडली तेव्हा मांडली जात नव्हती. तरी २०१० साली दणका बसलाच. क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आमच्याकडं ज्याला सगळे 'लिहोसिन' म्हणतात ते. एप्रिल छाटणीनंतर शेंडा भरकटू नये, काडीत घड भरावा म्हणून ते मारायची पद्धत होती. ते आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. युरोपच्या यादीत होतं. कंटेनर अडकले, भाव कोसळले, आणि त्या साली ज्यांनी बागेवर कर्ज काढलं होतं त्यांच्या घरी काय झालं ते मी इथं सांगत बसत नाही. पुढच्या हंगामापासून निर्यातीच्या बागेत लिहोसिनचं नाव काढायची सोय राहिली नाही. कृषी खात्याच्या कितीतरी शिबिरांनी जे झालं नव्हतं ते एका हंगामात झालं. ग्राहकाच्या अटीत ताकद असते, हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवायला नको.

पण त्या ताकदीचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही पाहिलं पाहिजे. अंशाची मर्यादा पाळायची म्हणजे काय करायचं? औषध आणि काढणी यांच्यात ठरलेले दिवस सोडायचे. बागाईतदार त्याला पीएचआय म्हणतात आणि तो त्यांना तोंडपाठ असतो. त्या दिवसांत औषध फळावरून विरून जातं आणि खाणाऱ्याला काही होत नाही. फवारणाऱ्याचं काय? त्याच्या अंगावर ते उडतं तेव्हा दिवस पहिलाच असतो. उलट लवकर विरणारं औषध लॅबमध्ये हमखास पास होतं, मग ते ताजं असताना कितीही जहाल असो. अंशाची तपासणी त्या जहालपणाकडं बघतच नाही, कारण ती झाडावर उरलेलं मोजते, माणसात गेलेलं नाही. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरीच्या बागांत कामाला येणारी माणसं डिपिंगला (घड औषधात बुडवायला), विरळणीला, फवारणीच्या ट्रॅक्टरमागं असतात. हातमोजे दिले तर उकडतं म्हणून काढून ठेवतात, न दिले तर प्रश्नच मिटला. लॅबच्या रिपोर्टात त्यांच्यासाठी रकाना नाही.

विरलेलं औषधही सगळंच्या सगळं हवेत जात नाही. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत किती फवारण्या होतात हे पावसावर असतं. पाऊस लांबला की डाऊनी ही बुरशी येते, डाऊनी आली की दिवसाआड फवारणीचा ब्लोअर फिरतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानं सटाण्याकडच्या अर्ली बागांची जी दैना केली, तेव्हा माणसं रात्री बॅटरीच्या उजेडात फवारत होती. हवामान बिघडतंय तसं औषध वाढतंय, आणि बिघडलेल्या हवामानात आमचा वाटा किती आणि रॉटरडॅमचा किती हा हिशेब कुठल्याच करारात नाही. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, तर सगळ्यात सोज्वळ. त्याचं बोर्डो मिश्रण आजोबांच्या वेळेपासून आहे आणि सेंद्रियवाल्यांनाही चालतं. पण तांबं हा धातू आहे, तो विरत नाही. वर्षानुवर्षं मातीच्या वरच्या थरात साठत जातो. जगातल्या जुन्या द्राक्षपट्ट्यांना ही डोकेदुखी माहीत आहे. आपण अजून सुपात आहोत एवढंच.

हे सगळं पाणी जातं कुठं? कादवेनं आणि गोदावरीनं ते नांदूरमध्यमेश्वरला जातं. निफाड तालुक्यातलं हे धरण आणि त्याची दलदल म्हणजे महाराष्ट्राचं भरतपूर. २०२० च्या जानेवारीत ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. हिवाळ्यात तिथं परदेशी पाहुण्या पक्ष्यांचे थवे उतरतात आणि पाण्यावर पाणवेलींचा गालिचा असतो. तो गालिचा शोभेचा नाही. नाशिक शहराचं सांडपाणी आणि वरच्या शेतांतून वाहून आलेलं खत यांच्यावर तो पोसलेला आहे. तिथून पुढं नदी कोपरगावकडं आणि मग नाथसागराकडं जाते. छत्रपती संभाजीनगर ते पाणी पितं. म्हणजे आमच्या घडात जे उरलं नाही ते युरोपात गेलं नाही, एवढंच सिद्ध झालं. ते पैठणला पोचलं का, हे त्या लॅबनं बघितलेलं नाही. आम्ही नाशिककर मराठवाड्याशी दर दुष्काळात पाण्याच्या टीएमसीवरून भांडतो, कोर्टात जातो. पाण्यातून काय पाठवतो यावरून एकदाही भांडण झालेलं मला आठवत नाही. कुंभमेळा आला की मात्र गोदामाई आठवते आणि तीसुद्धा रामकुंडापुरती.

आता करारांकडं येतो. आसियान देशांबरोबरचा वस्तुव्यापाराचा करार २०१० च्या १ जानेवारीला लागू झाला. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा २०२२ च्या मे महिन्यात. २०१९ च्या नोव्हेंबरात बँकॉकमध्ये आपण आरसेप या आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडलो तेव्हा महाराष्ट्रात चर्चा झाली ती न्यूझीलंडच्या दूध पावडरीची. झाली ती योग्यच झाली. पण आरसेपमध्ये पर्यावरणाचं प्रकरणच नव्हतं आणि त्याची खंत कुणी केली नाही, कारण आपल्या बाजूला ते हवं होतं कुणाला? आपल्या व्यापार खात्याची जुनी शिस्त अशी की पर्यावरण आणि मजूर हे विषय व्यापाराच्या टेबलावर घ्यायचेच नाहीत. घेतले की त्यांचा सोटा होतो आणि तो आपल्याच पाठीत बसतो.

ही भीती उगीच नाही. अमेरिकेनं नव्वदच्या दशकात समुद्री कासवं वाचवण्याच्या नावाखाली आपल्या कोळंबीवर बंदी घातली. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड मिळून जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि १९९८ साली निकाल आपल्या बाजूनं लागला. पण निकाल नीट वाचला तर त्यात गंमत आहे. कासवं वाचवण्यासाठी आयात रोखता येणारच नाही, असं तिथं म्हटलेलं नाही. रोखा, पण एका देशाला सवलत आणि दुसऱ्याला दटावणी असा भेदभाव नको, असं म्हटलं आहे. पुढं अमेरिकेनं नियम दुरुस्त केले आणि ते टिकले. खटला आपण जिंकलो हे खरं, पण कासवंही आपलीच होती. ओडिशाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले मरून पडत होती ती वॉशिंग्टनची नव्हती. दुसऱ्याच्या अटीला विरोध करताना आपण आपल्याच घरातल्या गोष्टीला विरोध करतोय, हे आपल्या ध्यानात येत नाही. मला तेव्हापासूनचं आपलं धोरण त्याच पेचात अडकलेलं दिसतं.

अलीकडं ते थोडं सैल झालं आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन या एफ्टा देशांबरोबर १० मार्च २०२४ ला सही झाली, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तो करार लागू आहे. पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचं उद्दिष्ट असल्यामुळे त्याची बातमी झाली. त्यात व्यापार आणि शाश्वत विकास असं एक प्रकरणही आहे, त्याची बातमी झाली नाही. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ ला झालेल्या करारातही पर्यावरणाचं स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे जुनी शिस्त मोडली. पण एफ्टाच्या करारातलं ते प्रकरण तंटा-निवारणाच्या कक्षेबाहेर ठेवलेलं आहे. म्हणजे लग्नपत्रिकेतल्या 'आपले विनम्र'सारखं. नावं असतात, जबाबदारी कुणाची नसते. आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांना हे यश वाटतं. मला ती हातची गेलेली संधी वाटते, आणि का ते पेरूवरून सांगतो.

पेरू म्हणजे फळ नव्हे, देश. आमच्या बागाईतदारांना तो चांगला ठाऊक आहे, कारण त्याची द्राक्षं युरोपात शुल्क न भरता जातात आणि आमच्या मालावर शुल्क लागत आलं आहे. चिली, दक्षिण आफ्रिका यांचंही तसंच. द्राक्ष संघाच्या कुठल्याही बैठकीला जा, हे गाऱ्हाणं ऐकू येणार, आणि ते रास्त आहे. पेरूनं अमेरिकेशी केलेला करार २००९ च्या फेब्रुवारीत लागू झाला. त्यात जंगलाबद्दल एक कडक पुरवणी होती, कारण चोरटं लाकूड हा अमेरिकेत गाजलेला विषय होता. पण त्याच कराराची अंमलबजावणी म्हणून पेरूच्या सरकारनं जे अध्यादेश काढले त्यांनी ॲमेझॉनमधल्या आदिवासींच्या जमिनी बाहेरच्या कंपन्यांना मोकळ्या होणार होत्या. लोक रस्त्यावर उतरले. ५ जून २००९ ला बाग्वा इथं गोळीबार झाला, पोलीस आणि आंदोलक मिळून तेहतीस माणसं गेली. मग ते अध्यादेश मागं घेतले. पाच जून हा जागतिक पर्यावरण दिन. (आमच्याकडं समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ साली याच तारखेला खुला झाला. तारखा निवडणाऱ्यांना विनोदाचं अंग असतं.)

त्याच पेरूत इका नावाचं खोरं आहे. तिथं जवळजवळ पाऊसच नाही, वाळवंट आहे. निर्यातीच्या शतावरीनं आणि द्राक्षांनी ते हिरवं झालं, जमिनीखालच्या पाण्यावर. मोठ्या कंपन्यांच्या विहिरी खोल गेल्या, छोट्या शेतकऱ्यांच्या कोरड्या पडल्या. नव्या विहिरींवर बंदी घालायची वेळ आली. करारात लाकडाचं कलम होतं, कारण लाकूड घेणाऱ्याला दिसत होतं. इकाच्या पाण्याचं नव्हतं. पेरू आज टेबल द्राक्षांच्या निर्यातीत जगात अगदी वरच्या रांगेत आहे, आणि आम्हाला तिथं पोचायचं आहे. पोचावं. पण चांदवड, सिन्नर, येवला हे आपले इका आहेत. प्लॅस्टिकच्या कागदाचं शेततळं बांधून त्यात बोअरचं पाणी ओतायचं आणि त्याला जलसंधारण म्हणायचं, ही युक्ती आपण शोधलेलीच आहे. राज्याचा २००९ चा भूजल कायदा साठ मीटरच्या खालच्या विहिरीला शेतीसाठी मनाई करतो. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. बोअरच्या गाड्या आमच्याकडं पाचशेच्या खाली बोलत नाहीत, आणि त्यांच्यावरच्या पाट्या भरचौकात उभ्या असतात. द्राक्षाच्या वजनातलं ऐंशी टक्के पाणीच असतं. ते आपण कंटेनरमध्ये भरून पाठवतो आणि त्याची किंमत शून्य धरतो.

म्हणून मी म्हणतो की करारात दात असलेलं कलम मागायचं ते आपण. आणि नुसतं पाण्याचं नाही. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या हंगामात जी औषधं वापरली गेली त्यांत डायफेन्थ्युरॉन होतं. युरोपात आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या वापरावर आधीच बंदी आलेली होती, पण स्वित्झर्लंडमधून ते भारतात येत होतं. यवतमाळच्या माणसांनी थेट स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. तिथल्या सरकारनं २०२१ पासून या औषधासह पाच कीडनाशकांची निर्यात बंद केली. ब्रिटनची गोष्ट अशी की पॅराक्वाट हे तणनाशक तिथं शेतात मारता येत नाही, पण हडर्सफील्डच्या कारखान्यात ते वर्षानुवर्षं बनत आलं आणि बाहेर पाठवलं जात आलं. भारतही घेणाऱ्यांत राहिला आहे. बागेतलं तण मारायला आमच्या गावात ते सर्रास मिळतं आणि विष प्यायलेला माणूस दवाखान्यात आला की डॉक्टर पहिलं हेच नाव विचारतात, कारण त्यावर उतारा नाही.

फ्रान्सचे शेतकरी दक्षिण अमेरिकेच्या मर्कोसुर देशांबरोबरच्या कराराविरुद्ध ट्रॅक्टर घेऊन उतरतात तेव्हा 'मिरर क्लॉज' मागतात. म्हणजे आम्हाला जे वापरायची बंदी आहे, ते वापरून पिकवलेला माल आमच्या बाजारात येता कामा नये. मागणी चूक नाही. फक्त आरसा दोन्हीकडून दिसला पाहिजे. तुमच्या शेतात जे चालत नाही ते बनवून आमच्या शेतात पाठवायचं नाही, हे कलम प्रत्येक करारात घाला आणि त्याला तंटा-निवारण लावा. स्विसांनी ते स्वतःहून अर्धंमुर्धं केलेलंच आहे, त्यामुळे त्यांना नाही म्हणणं जड जाईल. ब्रिटनला विचारून बघायला हवं होतं. युरोपीय संघाशी २००७ साली सुरू झालेली, २०१३ ला थांबलेली आणि २०२२ ला पुन्हा उभी राहिलेली बोलणी ज्या चिवटपणानं आपण केली, त्यातला थोडा चिवटपणा या एका कलमासाठी वापरता आला असता.

यावर लगेच म्हणतील की आधी आपलं घर साफ करा. बरोबर आहे. आपल्याकडं कीडनाशकांचा कायदा १९६८ चा आहे. तो बदलायची विधेयकं २००८ साली आली, २०२० साली आली, आणि कायदा झाल्याशिवाय राहिली. आपल्या देशात विकलेल्या द्राक्षाला प्लॉटवार तपासणी नाही. एकाच बांधाच्या अलीकडं युरोपचा माल, पलीकडं बांगलादेशचा आणि दादरच्या मंडईचा. दोन्ही बाजूंना डाऊनी तीच येते, औषध मात्र वेगळ्या हिशेबानं मारलं जातं. आपल्या पोरांनी खायचं द्राक्ष परक्याच्या पोरापेक्षा कमी तपासलेलं असावं, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे आणि त्यात ब्रुसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाचा, काहीही दोष नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गरीब देशानं आधी भाकरी बघावी, नदी नंतर. १९७२ साली स्टॉकहोमला इंदिरा गांधींनी विचारलं होतं की दारिद्र्य आणि गरज हेच सगळ्यात मोठे प्रदूषक नाहीत का. त्या वेळी ते विचारणं गरजेचं होतं. पण नाशिकची गोदावरी दारिद्र्यानं घाण झालेली नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी, वाढत्या शहरानं आणि आमच्यासारख्या बऱ्यापैकी बंगले बांधलेल्या बागाईतदारांनी ती घाण केली आहे. पेठचा नागली पिकवणारा माणूस इथं प्रदूषक नाही, तो मजूर म्हणून आमचं औषध अंगावर घेतो. विकसनशील अर्थव्यवस्था हा शब्द आम्ही त्याच्या नावानं वापरतो आणि सवलत आमच्यासाठी मागतो.

मात्र शेतकऱ्यानं मातीचा दहा वर्षांचा विचार करावा असं वाटत असेल, तर त्याला बाजार निदान एका हंगामाचा तरी खात्रीचा पाहिजे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा लासलगावात भरलेले ट्रॅक्टर उभे होते. ४ मे २०२४ ला बंदी उठली ती किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. ज्याला उद्या दार उघडं असेल का हे माहीत नाही, तो आज मिळेल तेवढं ओरबाडून घेतो, जमिनीतून आणि विहिरीतूनही. दिल्लीत कुणी हे पर्यावरणाच्या खात्यावर लिहीत नाही, पण ते तिथंच लिहायला हवं.

पोलाद आणि ॲल्युमिनियमवर युरोपनं आणलेला कार्बन कर २०२६ च्या १ जानेवारीपासून प्रत्यक्ष लागू झाला आहे. तो फार लांबचा विषय वाटतो, पण नट-बोल्टही त्यात येतात आणि नाशिक-सिन्नरचे छोटे कारखानदार आत्तापासून कागद भरताहेत. त्याबद्दल एवढंच म्हणतो की त्या नियमात एक फट आपल्या सोयीची आहे. माल जिथं बनला तिथंच कार्बनची किंमत भरली असेल तर ती वजा होते. पैसे जाणारच असतील तर ते ब्रुसेल्सच्या तिजोरीत का जावेत? इथं घ्यावेत आणि इथल्याच भट्ट्या सुधारायला वापरावेत. निषेध करत बसण्यापेक्षा हे बरं.

द्राक्षाचं तसंच करता येईल. ग्रेपनेटची यंत्रणा उभी आहे, प्लॉटला नंबर आहे, लॅब आहे, तिचा माणूस बागेत येतोच आहे. घडाच्या पिशवीबरोबर पाण्याची एक बाटली घ्यायची, वर्षातून एकदा मातीचं तांबं मोजायचं, आणि विहिरीची पातळी मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये लिहायची. खर्च निर्यातदार, राज्य सरकार आणि खरेदी करणाऱ्या परदेशी साखळी दुकानांनी वाटून घ्यायचा. ती दुकानं डब्यावर हिरवं पान छापून जास्तीचे पैसे घेतातच. शाश्वत विकासाचं जे प्रकरण करारात आहे, त्यात पाळायच्या गोष्टी म्हणून हे आकडे जाऊ देत, ज्यांना दोन्ही बाजू बांधील असतील.

मी हे दादाला ओट्यावर बसून सांगितलं. तो हिशेबाची वही बंद करून म्हणाला, "आणि पाण्याचा रिपोर्ट वाईट आला तर? प्लॉट उडवणार का माझा?"

मी म्हटलं, पहिली तीन-चार वर्षं कुणाचाच उडवायचा नाही. नुसता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा.

"म्हणजे गावात नाव माझं आणि घाण वरच्यांची. नाल्याच्या वरच्या अंगाला कोण कोण आहेत ते तुला माहीत नाही का? शहराचं गटार आहे, कंपन्या आहेत, त्या पोल्ट्रीवाल्याचं पाणी आहे."

"त्यांचंही लावायचं. त्याच फळ्यावर."

वहिनी आतून म्हणाल्या, आधी पिण्याच्या हंड्यातलं पाणी बघा. दादानं पुन्हा वही उघडली. थोड्या वेळानं म्हणाला, "सगळ्यांचं लावणार असतील तर माझ्या विहिरीचं आधी घ्या म्हणावं. पण त्या गटाराचं लावल्याशिवाय मी बाटली देणार नाही."

हीच अट मला दिल्लीच्या टेबलावर हवी आहे.